सिंगल सीट, डबल हवा

लिफ्टमध्ये एकटे असाल तेव्हा आरशात भांग नीट करण्याआधी त्या पत्र्याच्या पाटीकडे एकदा बघा. आठ व्यक्ती, ५४४ किलो. भागाकार केला की माणशी ६८ किलो येतात. सहा व्यक्तींच्या लिफ्टवर ४०८ लिहिलेलं असतं, उत्तर तेच. या अडुसष्ट किलोच्या सद्गृहस्थाच्या भरवशावर देशभरातल्या लिफ्ट वरखाली करतात. त्याचा एक धाकटा भाऊ आहे, तो मोटारसायकलवर बसतो. शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत गाडीनं वाहायचा कमाल भार बहुधा १३० किलोच्या आसपास दिलेला असतो. दोघांत वाटला तर पासष्ट-पासष्ट. हेल्मेटं, डबे, लॅपटॉप आणि मंडईतून घेतलेली मेथीची जुडी त्यातच आली. तिसरा भाऊ जरा खात्यापित्या घरचा: गाडीचा धूर आणि ॲव्हरेज प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा स्वार ७५ किलोचा धरतात.

मी १०८ किलोचा आहे.

हा आकडा सांगितला की देवभोळ्या माणसाला जपमाळ आठवते आणि व्यवहारी माणसाला रुग्णवाहिकेचा नंबर. मेकॅनिकला गाडीची मागची स्प्रिंग आठवते. तिघांत सहानुभूतीनं बघणारा तो एकटाच. पण तोही बघतो स्प्रिंगकडे.

हलक्या गाडीवर जड माणूस बसला की काय होतं, हे पुस्तिकेत दिलेलं नसतं. बसणारा टाकीच्या मागे बसतो, त्यामुळे त्याच्या वजनातला मोठा वाटा मागच्या चाकावर जातो. मागची बाजू खाली बसते, पुढची वर येते. पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर हँडल थोडं बेफिकीर होतं. मेन स्टँड जमिनीच्या इतका जवळ येतो की डावीकडे वळताना रस्त्यावर रेघ ओढतो. सगळ्यांत मजा रात्री. हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांत शिरतो. आमच्या कॉलनीतल्या कोणत्या आंब्याला मोहर आलाय हे मला घरी येतायेताच कळतं. खड्डा कुठे आहे ते मात्र खड्ड्यात गेल्यावर. समोरचे लोक मला अपर-डिपर करून शिव्या घालतात. त्यांना वाटतं मी अपर लावलाय. मी डिपरवरच असतो हो. माझा डिपरच अपर झालेला असतो.

आणि मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं याबद्दल रीतसर म्हणणं आहे: गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरनं गेलात तर अंगाला काही होऊ नये. मी पुण्यात राहतो. इथल्या गल्लीबोळांतले गतिरोधक उरलेल्या डांबरातून आणि स्थानिक रहिवाशांच्या भावनांतून जन्माला येतात. त्यांच्यावरून जाताना माझा मागचा शॉकअप आपली सगळी चाल संपवून आतल्या रबरावर आपटतो आणि 'ठक्' असा आवाज येतो. तो आवाज गाडीतून निघतो आणि माझ्या मणक्यांत संपतो. कमरेच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघत विचारलं, "कुठून पडलात?" कुठूनही पडलो नव्हतो, ऑफिसातून घरी आलो होतो.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. टाकीवर धाकटा, मग बाप, मध्ये थोरली, मागे आई आणि आईच्या मांडीवर पिशवी असं अख्खं कुटुंब एका गाडीवरून लग्नाला निघालं, की बघणाऱ्याला कौतुक वाटतं. त्या कुटुंबाची बेरीज केली तर दीडशेच्या पुढे जाते. मी एकटा, तेवढ्यापेक्षा चाळीस-एक किलोनं कमी, त्याच गाडीवर बसलो की पानाच्या टपरीवरचे लोक टायरकडे बघतात.

स्प्रिंगला असला भेदभाव नाही. तिला माणसं मोजता येत नाहीत, किलो मोजता येतात. जेवढा भार तेवढी ती दबते, दुप्पट भाराला दुप्पट. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानं हा नियम १६७६ साली छापला तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात, म्हणजे शोधावर आपलं नाव लागेल पण दुसऱ्या कुणाला तो कळणार नाही. उत्तर दिलं १६७८ साली. दोन वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं. माझं वजन आमच्या सोसायटीत दोन तास राहिलं नाही.

त्याला कारण झाली मोजणी. गाडीचं सस्पेन्शन सुधारायचं तर आधी गाडी किती बसते ते मोजावं लागतं, आणि ते एकट्यानं जमत नाही. पद्धत साधी आहे. गाडी मेन स्टँडवर लावायची, मागचं चाक अधांतरी राहतं; चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपनं अंतर घ्यायचं. मग गाडी स्टँडवरून काढून, रिकामीच उभी धरून तेच अंतर घ्यायचं. शेवटी मालकानं वर बसायचं, पाय फूटरेस्टवर ठेवायचे, आणि पुन्हा मोजायचं. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे गाडीची 'बैठक'. शॉकअपच्या एकूण चालीचा साधारण तिसरा हिस्सा बैठकीत जावा, उरलेले दोन हिस्से खड्ड्यांसाठी शिल्लक राहावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे.

तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये आमचं मोजणी पथक जमलं. वॉचमनकाकांनी पुढून हँडल धरलं, बायकोनं टेप धरली, चिरंजीव मोबाइलवर आकडे लिहायला. मी हेल्मेट, जॅकेट आणि बॅग घालून, म्हणजे पूर्ण वेशभूषेत, कारण नेहमीचा सगळा भार मोजायचा असतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत चहा पीत होते. त्यांनी कप कठड्यावर ठेवला. पुण्यात कुणी कप कठड्यावर ठेवला की समजावं, मुक्काम आहे.

"पाचशे साठ," बायको म्हणाली. गाडी खाली उतरवली. "पाचशे अठ्ठेचाळीस." मी चढलो. क्षणभर शांतता. "अहो, परत मोजते हं." तिनं परत मोजलं. "पाचशे."

"साठ मिलिमीटर," चिरंजीवांनी वजाबाकी जाहीर केली. "बाबा, एकूण चाल शंभरची आहे ना?"

"खड्ड्यासाठी चाळीस उरले," काका वरून म्हणाले. त्यांनी उभी हयात बँकेत काढली, शिल्लक त्यांना लगेच दिसते. "वजन किती तुमचं?" मी सांगितलं. संध्याकाळी जिन्यात भेटलेल्या एका वहिनींनी मला जवसाच्या चटणीचे फायदे सांगितले, तेव्हा बातमी चौथ्या मजल्यापर्यंत गेल्याचं कळलं.

इथून पुढे लोक जो पहिला उपाय करतात, त्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण त्याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नाही. मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला पायऱ्या पाडलेलं एक कडं असतं. गाडीच्या टूलकिटमध्ये बाकदार चोचीचा एक पाना येतो, त्यानं हे कडं फिरवलं की स्प्रिंग एकेक पायरी वर दाबली जाते. पाच पायऱ्या असतात, कुठे सहा. हा पाना देशातल्या बहुसंख्य टूलकिटांमध्ये पॉलिथिनसकट कोरा पडलेला आहे. गॅरेजमध्ये हे कडं फिरवलं की मेकॅनिक म्हणतो, "साहेब, शॉकअप कडक केला." कडक काहीही झालेलं नसतं. स्प्रिंग तीच, तिचा कडकपणा तोच. एका किलोला ती काल जेवढी दबत होती तेवढीच आजही दबणार. प्रीलोड वाढवणं म्हणजे पँटचा पट्टा एक भोक आवळणं: माणूस ताठ उभा दिसतो, पोट तेवढंच राहतं. गाडी उंच होते, बैठक कमी होते, आणि फुकटात होते म्हणून हा उपाय आधी करावा हे बरोबर. पण स्प्रिंगच मऊ असेल तर किती आवळणार?

आम्ही शेवटच्या पायरीपर्यंत आवळलं. मी बसल्यावरची बैठक पंचेचाळीसवर आली. पण आता मी उतरलो की गाडी रिकामी असताना मिलिमीटरभरही बसेना, शॉकअप पुरता ताणलेला. ही खूण महत्त्वाची आहे. रिकामी गाडी थोडी तरी बसली पाहिजे. तरच रस्त्यात अचानक खोलगट भाग आला तर चाकाला खाली जायला जागा राहते. स्वाराची बैठक ताळ्यावर आणता आणता रिकाम्या गाडीची बैठक शून्य झाली, तर समजायचं की कड्याचं काम संपलं, आता स्प्रिंग बदला.

दुसरा फुकटचा उपाय हवेचा. बऱ्याच गाड्यांवर साखळीच्या झाकणापाशी किंवा स्विंगआर्मवर एक स्टिकर असतो, त्यावर मागच्या टायरचे दोन आकडे: एकटे असाल तर इतकी हवा, दोघे असाल तर इतकी. पेट्रोल पंपावरचा पोरगा पाइप हातात घेऊन विचारतो, "काका, सिंगल की डबल?" मी म्हणतो, सिंगल, पण हवा डबलची मार. तो मागच्या सीटकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि काही न बोलता डबलची मारतो. पंपावरच्या हवेवाल्यांना समंजसपणाबद्दल कधी कुणी पुरस्कार दिलेला नाही.

यापुढे पैसे लागतात. घरगुती अर्थसंकल्पात या खात्यावर पाच हजार मंजूर झाले. गाडी जुनी, विकायला काढली तर तीस हजारही कुणी उत्साहानं देणार नाही, तेव्हा पाच हजार म्हणजे तिच्या एकूण किमतीचा सहावा हिस्सा. कोणत्याही सरकारनं कोणत्याही खात्याला एवढा वाटा दिलेला नाही, असं मला सुनावण्यात आलं. चिरंजीवांनी मोबाइलवर सोनेरी रंगाचे शॉकअप दाखवले. ते ओलिन्सचे. केंट ओलिन नावाच्या स्वीडिश माणसानं १९७६ साली ही कंपनी काढली आणि आज शर्यतींच्या मैदानांवर तिचे सोनेरी दांडे चमकत असतात. फारच सुंदर वस्तू. ती घ्यायला मला माझी गाडी विकावी लागली असती, आणि मग ती लावायला गाडी राहिली नसती.

एक शून्य रुपयांचा तिसरा उपाय सगळ्यांनीच सुचवला. "वजन कमी करा की!" गणितात तो खरा आहे. वीस किलो उतरले तर कुठलीच स्प्रिंग बदलायला नको. पण जिमची वर्षाची फी भरली तर तेवढ्यात शॉकअपच्या दोन जोड्या येतात, आणि शॉकअपची जोडी घेतल्यावर ती वापरली तरी जाते.

आता नाना पेठ. दुचाकीचा एखादा भाग पुण्यात नाना पेठेत मिळत नसेल, तर तो अजून तयारच झालेला नाही असं धरून चालावं. तशी ही विद्या आपल्या घरचीच आहे. देशातल्या कितीतरी गाड्यांचे शॉकअप चाकण आणि वाळूजच्या कारखान्यांतून जातात. पण कारखाना गाडीच्या कंपनीच्या हिशेबानं माल बनवतो, म्हणजे पुन्हा त्या पासष्ट किलोच्या धाकट्या भावासाठी. माझ्या मापाचं काहीतरी शोधायचं तर पेठेला पर्याय नाही.

दुकानदारानं काउंटरवर तीन जोड्या मांडल्या. "ही साधी, ही हेवी ड्यूटी, ही सुपर हेवी ड्यूटी." तिन्हींत पहिल्यांदा जाणवणारा फरक रंगाचा होता. साधी काळी, हेवी लाल, सुपर हेवीला लाल रंगाबरोबर मागे एक छोटा चकचकीत डबा. हा डबा खऱ्या भारी शॉकअपवर असतो तेव्हा त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. शॉकअपचं निम्मं काम स्प्रिंग करते आणि निम्मं आतलं तेल: स्प्रिंग झटका पोटात घेते, पण मग ती नाचत सुटते, आणि तो नाच थांबवायला तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, ऊर्जेची उष्णता होते. ताम्हिणी घाट उतरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा. तापलेल्या तेलात हवेचे बुडबुडे मिसळले की त्याचा फेस होतो आणि फेसाला काही थोपवता येत नाही. नायट्रोजनचा दाब हा फेस होऊ देत नाही, म्हणून तो डबा. समोरच्या सुपर हेवीचा डबा मी नखानं वाजवून पाहिला. आतून पोकळ, शॉकअपशी त्याचा संबंध दोन स्क्रूंचा. "यात गॅस आहे?" मी विचारलं. "शोला आहे," दुकानदार म्हणाला. पुणेरी दुकानदारीबद्दल लोक काहीही बोलोत, इतकं सरळ उत्तर दुसऱ्या गावात मिळालं नसतं.

मी खिशातून व्हर्निअर काढला. याचं कारण सांगतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे सात मिलिमीटरची तार साडेसात केली, जेमतेम अर्धा मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही, तर बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग सुमारे ३२ टक्क्यांनी कडक होते. रंग, स्टिकर आणि डबा यांच्यावर जे लिहिलेलं नसतं ते या अर्ध्या मिलिमीटरात लिहिलेलं असतं. वेढे कमी असले तरी स्प्रिंग कडक होते. म्हणूनच काही महाभाग जुन्या स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरनं कापतात. ती कडक होते खरी, पण आखूडही होते, गाडी आणखी खाली जाते, आणि मिळवलेलं सगळं परत जातं.

साध्या जोडीची तार सात निघाली. हेवीचीही सात. सुपर हेवीचीही सातच, डब्यासकट. दुकानदार माझ्याकडे बघत होता. "साहेब इंजिनिअर का?"

"नाही, जाड आहे."

त्याचा आवाजच बदलला. "मग आधी नाही का सांगायचं," असं म्हणत तो माळ्यावर चढला आणि धूळ बसलेला एक खोका खाली घेऊन आला. आत काळी, बिनस्टिकरची, बिनडब्याची जोडी. तार साडेसात. "ही दूधवाले नेतात," तो म्हणाला. "शो नाही काही."

सस्पेन्शन या विषयावरचं आपल्याकडचं सगळ्यांत खोल ज्ञान कुणाकडे असेल तर ते दूधवाल्यांकडे, हे मला तिथे कळलं आणि दोन दिवसांनी गॅरेजमध्ये पटलं. गॅरेजवर मुळशीकडून पहाटे दूध घालायला येणारे एक मामा बसले होते, त्यांच्या गाडीचा चेन-स्प्रॉकेट बदलायला टाकला होता. आमच्या मिस्त्रींनी माझी अडचण त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात कुचेष्टा नव्हती, धंद्याचा हिशेब होता.

"किती भरतंय?"

"एकशे आठ किलो."

"लिटरमध्ये?"

दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, लिटरला साधारण १.०३ किलो. चाळीस लिटरच्या कॅनमधलं दूध एक्केचाळीस किलोवर जातं. मामांनी हे सगळं मनातल्या मनात केलं. "म्हणजे अडीच कॅनच्या वर. काय नाय त्यात, आम्ही रोज चार नेतो. तुमचं एक बरंय, दूध हलतं. तुम्ही हलू नका."

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तिकेत मी वाचलेलं नाही. नवी जोडी घेताना बोल्टाच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत लांबी जुन्याइतकीच पाहिजे. बोटभर लांब घेतली तर गाडी मागून उंच होते, हँडल नको तेवढं चपळ होतं आणि साखळीचा ताण बिघडतो. बुशाचं भोक मोठं असलं तर बुश बदलता येतो, लांबी बदलता येत नाही. कडक स्प्रिंग आणि थकलेलं तेल एकत्र घालायचं नाही, गाडी उड्या मारते, म्हणून जुन्या शॉकअपवर नुसती स्प्रिंग चढवण्यापेक्षा अख्खी जोडी घ्यावी. ब्रेकरच्या आधी ब्रेक मारून ब्रेकरवर ब्रेक सोडावा, नाहीतर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो. आणि शेवटी: "ब्रेकर आला की बुड उचला साहेब. पाय ही फुकटची स्प्रिंग आहे."

हे तंतोतंत खरं आहे. फूटरेस्टवर जरासं उभं राहिलं की वजन गुडघ्यांवर येतं आणि सीटखालून येणारा झटका पाय पोटात घेतात. तेव्हापासून मी ब्रेकर आला की बुड उचलतो. माझ्या मागून येणाऱ्यांना हे दृश्य कसं दिसतं याची चौकशी मी केलेली नाही. शाळेच्या रिक्षातली मुलं टाळ्या वाजवतात एवढं ठाऊक आहे.

पुढच्या शॉकअपचं काम त्यामानानं किरकोळ निघालं. मागे कडक जोडी घातल्यावर पुढचा चिमटा ब्रेक लावला की नाक खुपसायला लागला. पुढच्या नळ्यांमधलं तेल बदललं. जुनं तेल काळं, पातळ आणि अपुरं निघालं, एका बाजूचं तर ऑइल सीलमधून थेंबथेंब बाहेर गेलेलं. सील नवे, तेल एक नंबर जाड. स्प्रिंगच्या डोक्यावर थोडा प्रीलोड द्यायला कंपनीचा भाग शोधत बसण्याची गरज नसते. मिस्त्री शेजारच्या नळकामाच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन आले, दोन सारखे काप काढले, कडा घासल्या आणि वॉशर टाकून बसवले. हा इलाज जगभर चालतो आणि जगभर तो करताना माणूस प्लंबरच्या दुकानाकडे जरा चोरट्या नजरेनं बघतो. फक्त तेल ठरल्यापेक्षा जास्त ओतायचं नाही. वर राहिलेली हवा दबून दबून सील फोडते.

मागची जोडी, पुढचं तेल, सील, पाइप, मजुरी आणि मामांचा चहा धरून चार हजार सातशे झाले. उरलेल्या तीनशेचं काय, हा प्रश्न घरात विचारण्यात आला. चहा दोनदा झाला होता.

पुन्हा मोजणी पथक बोलावलं. वॉचमनकाका, टेप, मोबाइल. यावेळी गॅलऱ्यांत गर्दी बरी होती, तळमजल्यावरच्या आजींनी तर खुर्ची बाहेर आणली होती. कडं मधल्या पायरीवर. रिकामी गाडी दहा मिलिमीटर बसली. मी वर चढलो. "पाचशे पंचवीस!" बायको ओरडली. पस्तीस. चालीचा तिसरा हिस्सा, शास्त्राप्रमाणे. बँकेतले काका वरून म्हणाले, "शिल्लक पासष्ट. उत्तम." संध्याकाळी कॉलनीत शिरलो तेव्हा हेडलाइटचा झोत रस्त्यावर पडला होता आणि त्यात एक खड्डा आधीच दिसला. आंब्याच्या मोहराचं आता मला काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. १०८ किलोसाठी बांधलेली गाडी १०८ किलोलाच मानवते. आमचे चिरंजीव पंचावन्न किलोचे. कॉलेजला जायला त्यांनी एकदा गाडी नेली आणि कर्वे रस्त्यावरून परत आले ते हातात किल्ली आणि तोंडात "बाबा, ही गाडी मला फेकून देते" हे वाक्य घेऊन. पंचावन्न किलोला ती स्प्रिंग दबतच नाही. प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोचतो. तेव्हापासून टाकीत जेवढं पेट्रोल मी ठेवतो तेवढंच सकाळी सापडतं. हा फायदा मिस्त्रींनी बिलात लावला असता तरी मी दिला असता.

गेल्या महिन्यात कमरेच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. कंबर सुधारली आहे म्हणाले, पण रक्तातली साखर बघून मान हलवली आणि दहा किलो कमी करायला सांगितले. मी घरी येऊन बायकोला शांतपणे समजावून सांगितलं की, अगं, स्प्रिंग, तेल, पाइप, पुढची उंची, मागची उंची, सगळा हिशेब १०८ वर बसवलेला आहे. ९८ झालो तर बैठक बिघडणार, गाडी परत कडक लागणार, पुन्हा नाना पेठ आली, पुन्हा पाच हजार आले.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुम्ही दहा किलो कमी करा," ती म्हणाली. "आणि मागच्या सीटला इंद्रायणी तांदळाचं दहा किलोचं पोतं बांधून फिरा. स्प्रिंगला काय कळतंय?"